व्यक्तिचित्रांची पारख : मूळ कोणते, प्रत कोणती?

संस्था पन्नाशीला आली की सभागृहाची रंगरंगोटी निघते, भिंतींवरील तसबिरी खाली उतरविल्या जातात आणि कित्येक वर्षांत प्रथमच कोणाचे तरी लक्ष त्यांच्या मागील बाजूकडे जाते. पगडी आणि उपरणे घेतलेले देणगीदार शेठजी, पाटावर बसलेले आचार्य महाराज, हातात पोथी धरलेले पंडितजी अशी ही चित्रे दर वर्षी हार घालण्यापुरती सर्वांच्या परिचयाची असतात. ती खाली आली की प्रश्न निघतो : हे चित्र मूळ आहे की दुसऱ्या एखाद्या चित्रावरून उतरविलेले? एखादे ज्येष्ठ सभासद सांगतात की शेठजींना समोर बसवून ते काढले होते. दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात की ते फोटोवरून करविले. दोघेही प्रामाणिक असतात आणि पुरावा दोघांजवळही नसतो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. चित्राची दुरुस्ती कोणाकडून आणि किती खर्चाने करावी, विमा किती रकमेचा उतरवावा, जीर्ण चित्र काढून त्याजागी छापील मोठे छायाचित्र लावावे काय, हे निर्णय विश्वस्तांना याच प्रश्नाच्या उत्तरावर घ्यावे लागतात. घाईने दिलेल्या उत्तरामुळे मूळ चित्र माळ्यावर गेले आणि प्रत सन्मानाने भिंतीवर राहिली, असेही घडू शकते.

जैन परंपरेच्या दृष्टीने या प्रश्नात एक विशेष गुंतागुंत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. कोणत्याही वस्तूचा विचार या चार अंगांनी करता येतो. गुरूंची प्रतिमा अथवा चित्र हा स्थापनानिक्षेप होय. मूळ व्यक्तीचा आकार असलेली ती तदाकार स्थापना, आणि आकार नसतानाही संकल्पाने केलेली ती अतदाकार स्थापना, असा भेदही टीकाकारांनी केला आहे. वंदनेसाठी अतदाकार स्थापनाही पुरते, मग चित्राच्या प्रतीला उणेपणा कसा येईल? मंदिरातील प्रतिमेचे पूज्यत्वही तिच्या प्रतिष्ठाविधीने सिद्ध होते. ती कोणत्या जुन्या प्रतिमेवरून घडविली हे तेथे कोणी विचारीत नाही. त्यामुळे मूळ आणि प्रत हा भेद भाविकाला फारसा जाणवत नाही आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. इतिहासाचे मात्र तसे नाही. त्या व्यक्तीचा चेहरा खरोखर असा होता काय, हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि कोणत्या साधनाने उतरविले, हे इतिहासाला विचारावेच लागते. एकाच तसबिरीकडे ही दोन निरनिराळी मागणी असते. भक्तीने दिलेले उत्तर इतिहासाच्या रकान्यात लिहिले गेले की घोटाळा सुरू होतो.

प्रत करणे हे या समाजात कधीच हीन मानले गेलेले नाही. शास्त्रदान हे पुण्यकर्म असल्यामुळे शतकानुशतके ग्रंथांच्या प्रती करविल्या गेल्या आणि पाटण, खंभात, जैसलमेर येथील भांडारे त्यांनी भरली. लहिये आपल्या पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहीत. त्यात संवत, तिथी, गाव आणि ज्याच्यासाठी पोथी लिहिली त्याचे नाव असे. पुस्तकात जसे पाहिले तसे लिहिले, चूक असल्यास दोष देऊ नये, अशा आशयाची विनंतीही पुष्कळदा असे. म्हणजे आपण प्रत करीत आहोत हे लहिया उघडपणे सांगत असे. तरीही हस्तलिखितांच्या अभ्यासकांना एक अडचण नेहमी येते. कित्येकदा लहियाने मूळ पोथीतील पुष्पिकाही मजकुरासह जशीच्या तशी उतरविलेली असते. मग कागद सतराव्या शतकातील आणि संवत पंधराव्या शतकाचा, असा विसंवाद दिसतो. पोथीवर लिहिलेला संवत म्हणजे त्या पोथीचेच वय, असे समजणारा येथे फसतो. चित्रावरील सही आणि सालाच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

व्यक्तिचित्राचे जुने उदाहरण म्हणून आचार्य हेमचंद्रसूरींचे चित्र पाहावे. पुस्तकांतून आणि उपाश्रयांतून त्यांचे जे रूप परिचित आहे, त्याचा आधार विक्रम संवत १२९४ म्हणजे इ.स. १२३७ मधील ताडपत्रीय त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्राच्या पोथीतील चित्र हा आहे. त्याच पोथीत राजा कुमारपालाचेही चित्र आहे. परंतु हेमचंद्राचार्यांचा देहांत ११७२ च्या सुमारास झाला. म्हणजे इतके प्राचीन असलेले हे चित्रही त्यांच्या पश्चात सुमारे पासष्ट वर्षांनी काढलेले आहे. चित्रकाराने त्यांना पाहिले असण्याचा संभव जवळजवळ नाही. आज भिंतीवर दिसते ते त्या ताडपत्रातील बोटभर आकृतीवरून आधुनिक काळात मोठे करून, छायाप्रकाश घालून काढलेले चित्र असते. मूळ ताडपत्रीय चित्र त्याच्या जागी अस्सल आहे, त्याचा काळ निश्चित आहे आणि त्याचे मोल अपार आहे. मात्र त्यावरून आचार्यांची मुद्रा समजली असे म्हणता येत नाही.

येथे ‘मूळ’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करणे आवश्यक ठरते. चित्र ज्या चित्रकाराचे म्हणून सांगितले जाते त्याच्याच हातचे आहे काय, हा पहिला. ते व्यक्तीला प्रत्यक्ष पाहून काढले काय, हा दुसरा. आणि ते सांगितलेल्या काळातलेच आहे काय, हा तिसरा. एखादे चित्र पहिल्या अर्थाने मूळ आणि दुसऱ्या अर्थाने प्रत असू शकते. सभागृहांतील बहुतेक वाद हे तीन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

तिन्ही अर्थांनी मूळ म्हणता येईल असे एक चित्र जैन समाजाच्याच इतिहासात आहे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

चातुर्मासासाठी अथवा पर्युषणानंतर क्षमायाचनेसाठी एखाद्या नगरीचा संघ दूरच्या आचार्यांना जे लांब गुंडाळीचे सचित्र पत्र पाठवीत असे, त्यास विज्ञप्तिपत्र म्हणतात. आग्र्याच्या श्वेतांबर संघाने संवत १६६७ मध्ये, म्हणजे इ.स. १६१० मध्ये, तपागच्छाचे आचार्य विजयसेनसूरी यांना असे पत्र पाठविले. आचार्य त्या वेळी सौराष्ट्रातील देवपाटण येथे होते. विजयसेनसूरी हे जगद्गुरू हीरविजयसूरींचे पट्टधर. हीरविजयसूरी १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या भेटीस गेले होते आणि त्यांच्या उपदेशाने विशिष्ट दिवशी जीवहिंसा बंद ठेवण्याच्या राजाज्ञा निघाल्या होत्या. अकबरानंतर त्या आज्ञांचे काय होणार ही चिंता संघाला होती. जहांगीराच्या कारकिर्दीत पर्युषणाच्या दिवसांत अमारी पाळण्याचे फर्मान मिळाले, त्याची आनंदवार्ता या पत्रात आहे. जहांगीराचा दरबार, राजपुत्र खुर्रम, मध्यस्थी करणारे राजा रामदास, बादशहासमोर उभे असलेले मुनी विवेकहर्ष आणि उदयहर्ष, गावात पिटली जाणारी दवंडी, असे प्रसंग पटावर एकाखाली एक आले आहेत. आकृत्यांजवळ नावे लिहिलेली आहेत. आज हा पट अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संग्रहात आहे.

या पटाचा चित्रकार उस्ताद शालिवाहन. तो बादशाही चित्रकार असल्याचे आणि त्या वेळी त्याने जसे पाहिले तसेच चित्रात उतरविल्याचे पटावरच नमूद आहे. लहियाने पुस्तक पाहिले तसे लिहिले. शालिवाहनाने प्रसंग पाहिला तसा रंगविला. शब्द जवळजवळ तेच आहेत, परंतु पहिला प्रतीची कबुली देतो आणि दुसरा प्रत्यक्षदर्शीपणाची ग्वाही देतो. मूळ आणि प्रत यांच्यातील सगळे अंतर या एका क्रियापदात, काय पाहिले यात, सामावलेले आहे. काळ नोंदलेला, पाठविणारा आणि स्वीकारणारा ज्ञात, चित्रकाराचे नाव लिहिलेले, व्यक्तींची नावे लिहिलेली, आणि पाहिल्याची साक्ष : एखाद्या व्यक्तिचित्राजवळ मागावे ते सर्व या पटाजवळ आहे. म्हणूनच त्याचा उपयोग कसोटीच्या दगडासारखा होतो. १६२४ सालची शालिभद्र चौपईची सचित्र पोथी याच शालिवाहनाच्या नावावर आहे. ही दोन्ही कामे शेजारी ठेवून त्याची रेषा, चेहऱ्याची घडण आणि रंगयोजना निश्चित करता येते आणि मग सही नसलेल्या कामांचा विचार पायाशुद्ध होतो. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी संबंधित असलेले अभ्यासक प्रमोद चंद्र यांनी या चित्रकाराचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांचे वडील मोतीचंद्र हे त्या संग्रहालयाचे संचालक होते आणि पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या जहांगीराच्या दरबारातून हे फर्मान निघाले, त्याच दरबारात सहा वर्षांनी मूळ आणि प्रत यांचा एक खेळच रंगला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६ मध्ये अजमेरला बादशहाच्या छावणीत होता. त्याच्याजवळ एका स्त्रीचे इंग्रजी चित्रकाराने काढलेले छोटेसे व्यक्तिचित्र होते. आपला चित्रकार याच्या अशा प्रती करील की तुम्हाला स्वतःचे चित्र ओळखता येणार नाही, असे बादशहाने सांगितले. रोला ते खरे वाटले नाही आणि पैज लागली. नंतर एका रात्री त्याला बोलावून एका फळीवर लावलेली सहा चित्रे दाखविण्यात आली. त्यातील पाच दरबारी चित्रकाराची होती. मेणबत्तीच्या उजेडात ती इतकी सारखी दिसली की आपण गोंधळलो, असे रोने आपल्या दैनंदिनीत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. अखेर त्याने आपले चित्र ओळखले आणि फरकही दाखविले, पण सामान्य नजरेला ते समजले नसते असे त्याने मान्य केले. जहांगीर प्रसन्न झाला. चेहरा एकाचा, डोळे आणि भुवया दुसऱ्याच्या हातच्या असल्या तरी कोणते काम कोणाचे हे आपण सांगू शकतो, असा अभिमान त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात व्यक्त केला आहे.

या प्रसंगात पारखीचा एक धडा आहे. रो हरला नाही, कारण मूळ चित्र त्याच्या नित्य पाहण्यातले होते. ज्याने मूळ कधी पाहिलेच नाही, त्याला नुसत्या प्रतीवरून निर्णय करणे अत्यंत कठीण. आणि मेणबत्तीच्या उजेडात निर्णय करू नये हा दुसरा, साधा धडा. सभागृहातील पिवळ्या दिव्याखाली, काचेआडून, दहा फुटांवरून चित्राची पारख करणारे आजही पुष्कळ आहेत.

दरबारी चित्रशाळांत प्रती कशा होत हे समजल्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत. मूळ चित्रावर हरणाचे पातळ, पारदर्शक केलेले कातडे ठेवून त्यावर रेषा उतरवीत. त्यास चरबा म्हणत. मग रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून कोऱ्या कागदावर तो ठेवीत आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवीत. खाली ठिपक्यांचा खाका उमटे. ठिपके जोडून रेषा आणि रेषांत रंग. एका चरब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चित्रे निघत. चरबा उलटा ठेवला तर चेहरा दुसऱ्या दिशेला पाही. अहिंसेच्या फर्मानाचे चित्र काढणाऱ्या परंपरेत कातड्याचा हा वापर होता, ही विसंगती येथे नोंदवून पुढे जावे.

उलट्या चरब्याने एक मजेदार खूण मागे राहते. मोगल काळात पोशाखाचा एक संकेत होता. मुसलमान आपल्या जाम्याचे बंद उजव्या काखेखाली बांधीत आणि हिंदू डाव्या काखेखाली. या विभागणीत जैन गृहस्थांची गणना हिंदूंबरोबर होई. नावावरून हिंदू राजा अथवा व्यापारी असलेल्या माणसाचा जामा उजवीकडे बांधलेला दिसला, की चित्र उलट्या चरब्यावरून उतरले असावे अशी शंका घेण्यास जागा होते. तलवार कोणत्या कमरेला, ढाल कोणत्या हातात, अंगठी कोणत्या बोटात, हेही याच रीतीने तपासता येते.

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. मूळ चित्रकार वस्तू पाहून काढतो. नक्कल करणारा वस्तूचे चित्र पाहून काढतो. कमरबंदाची गाठ कशी बसते, मोत्यांचा सर गळ्यामागे कोठे जातो, कट्यारीचा गोंडा कोणत्या दोरीला अडकविला आहे, हे पहिल्याला माहीत असते. दुसऱ्याला फक्त रेषा दिसतात. म्हणून प्रतीत गाठ सुटी तरंगते, दोरी मध्येच नाहीशी होते, सर मानेला चिकटतो. चेहरा जपून उतरविलेला असतो, कारण गिऱ्हाईक तोच पाहते. दुर्लक्ष होते ते कानाकडे, नखांकडे, पायाच्या बोटांकडे. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला इटालियन अभ्यासक जोव्हान्नी मोरेल्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमक्या याच दुर्लक्षित अवयवांवरून चित्रकारांचे हात ओळखण्याची पद्धत मांडली आणि युरोपातील संग्रहालयांतील कित्येक चित्रांवरील नावे बदलावी लागली.

उलट, मूळ चित्रात चुका असतात. चित्रकाराने आधी हात थोडा वर काढलेला असतो, मग खाली आणलेला असतो. पगडीचा काठ एकदा पुसून पुन्हा आखलेला असतो. रंग विरल झाला की खालची जुनी रेषा वर दिसू लागते. प्रत करणाऱ्यास शोध घ्यावाच लागत नाही, उत्तर त्याच्यासमोर असते. त्यामुळे अतिशय नेटके, कोठेही खाडाखोड नसलेले चित्र हे उलट संशयाला पात्र ठरते. अवरक्त किरणांनी काढलेल्या छायाचित्रात रंगाखालची ही आखणी दिसते आणि ठिपक्यांचा खाका असल्यास कधीकधी तोही दिसतो.

तज्ज्ञही कसे फसतात याचे उदाहरण लंडनचे आहे. लेडी वाँटेज यांच्या मृत्युपत्राने १९२१ मध्ये तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला मोगल चित्रांचा एक संग्रह मिळाला. दुसऱ्याच वर्षी त्याची सूची निघाली आणि तीत तीस चित्रे जहांगीरकालीन शैलीची म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे १९२९ मध्ये स्कॉटलंडमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात अशाच चित्रांचा आणखी एक संग्रह सापडला. त्याची पन्नास पाने आज अमेरिकेत आहेत, एकेचाळीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि नऊ वॉशिंग्टनच्या फ्रीअर दालनात. दोन्ही संग्रहांची चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर हळूहळू ध्यानात आले की यांतील काही पाने खरोखरच जहांगीर आणि शहाजहान यांच्या काळातील आहेत आणि काही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या प्रती आहेत. दिल्लीत इंग्रज गिऱ्हाईक वाढले होते, बादशाही संग्रह विस्कळीत होत होते. अस्सल पानांत प्रतींची भर घालून नवे संग्रह बांधले गेले. काही पानांवर तर एका बाजूस सोळाव्या शतकातील नामांकित सुलेखनकार मीर अली याचे अस्सल अक्षर आणि पाठीमागे एकोणिसाव्या शतकातील चित्र आहे. कागदाचे वय पाहून निर्णय करणारा येथे अर्धा बरोबर आणि अर्धा चूक ठरतो. जुन्या पोथ्यांची कोरी पाने मिळविणे हे नकली चित्रे करणाऱ्यास कधीच अवघड नव्हते.

तरीही प्रतीला सरसकट कमी लेखू नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून तैलरंगात प्रती केल्या. त्यातील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतही १८८५ मध्ये लंडनलाच आगीने मोठी हानी झाली. गुंफांतील मूळ रंग दरम्यान झिजत गेले, पोपडे गळाले. आता जो भाग भिंतीवर उरलेलाच नाही, त्याच्यासाठी वाचलेली प्रत हीच साक्ष आहे. ग्रिफिथ्स यांच्या चमूतील पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतील अग्रगण्य व्यक्तिचित्रकार झाले.

सभागृहांतील तैलचित्रांकडे वळताना ही मुंबईची कलाशाळा आणि तिच्या जोडीला आलेले छायाचित्रण ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेस्तनजी बोमनजी, त्यानंतर धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर आणि कोल्हापूरकडे बाबूराव पेंटर अशा चित्रकारांनी श्रीमंत व्यापारी, संस्थानिक आणि सार्वजनिक कार्यकर्ते यांची चित्रे काढली. त्याच काळात छायाचित्रकारांची दुकाने वाढली. त्यांत सर्वांत प्रसिद्ध झालेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मेरठजवळील सरधना येथील जैन कुटुंबातले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपली शाखा उघडली. एकदा छायाचित्र मिळू लागल्यावर शेठजींना चित्रकारासमोर तासन्‌तास बसण्याची गरज उरली नाही. शिवाय बहुतेक संस्था आपल्या आश्रयदात्याचे चित्र त्याच्या निधनानंतर लावतात. तेव्हा छायाचित्राखेरीज आधार नसतोच.

साधुसंतांच्या चित्रांविषयी तर साध्या सनावळीनेच पुष्कळ उलगडा होतो. विजयानंदसूरी उर्फ आत्मारामजी महाराज १८९६ मध्ये कालधर्म पावले. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेला मुनिधर्माच्या मर्यादेमुळे ते स्वतः गेले नाहीत, वीरचंद राघवजी गांधी यांना त्यांनी पाठविले. श्रीमद् राजचंद्र आणि वीरचंद गांधी दोघेही १९०१ मध्ये दिवंगत झाले. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीवर १९५५ च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. या तारखांनंतर काढलेले त्यांचे कोणतेही चित्र दुसऱ्या अर्थाने मूळ असूच शकत नाही. ते छायाचित्रावरून, अन्य चित्रावरून किंवा स्मरणावरून काढलेले असणार. सर्वांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. चित्र आणि छायाचित्र शेजारी ठेवून मानेचा कल, नाकाची सावली, वस्त्राची घडी जुळते काय ते पाहावे. तिन्ही जुळल्यास उत्तर मिळाले. अशा चित्रात चित्रकाराचे कसब मात्र स्वतंत्र असते आणि चांगल्या हाताने छायाचित्रावरून काढलेले तैलचित्र पहिल्या अर्थाने पूर्णपणे मूळच होय.

यापुढची तपासणी हाताने आणि भिंगाने करावयाची असते. प्रथम हे खरोखर रंगविलेले चित्र आहे काय ते पाहावे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यापासून तैलचित्रासारखी दिसणारी शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. त्यांवर व्हार्निश देऊन कधी कॅनव्हाससारखी उठावाची नक्षीही दाबलेली असे. भिंगातून पाहिल्यास रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा चेहऱ्यावर, पगडीवर आणि पार्श्वभूमीवर एकसारखा असतो. कुंचल्याचा फटकारा मात्र आकाराबरोबर वळतो. छायाचित्र मोठे करून त्यावर तैलरंग चढविण्याचीही पद्धत होती. तेथे रंग विरल असलेल्या कडेला खालचा करडा फोटो डोकावतो.

सहीवर भिस्त ठेवू नये. जुन्या तैलचित्राला भेगा पडतात. सहीचा रंग त्या भेगांत उतरलेला असेल तर सही भेगांनंतरची आहे. रंगांची साक्ष अधिक भरवशाची. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला, तेव्हा शालिवाहनाच्या काळातील म्हणविणाऱ्या चित्रात तो मिळाला तर विचार करावा लागतो. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या आगेमागे बाजारात आला. १८९० च्या म्हणून सांगितलेल्या चित्रात तो आढळला तर चित्र नंतरचे असेल, किंवा चित्र जुने असून पांढऱ्या उपरण्यावर कोणीतरी पुढे हात फिरविला असेल. हा दुसरा पर्याय विसरणारे तज्ज्ञ चांगल्या चित्राला उगाच बाद करतात. अतिनील दिव्याखाली जुन्या व्हार्निशचा हिरवट प्रकाश दिसतो आणि नंतरच्या डागडुजीचे ठिगळ काळे पडते. अशा तपासणीसाठी संग्रहालयांच्या संवर्धन प्रयोगशाळांची मदत घेता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे केंद्र आहे.

आणि तरीही सर्वांत बोलकी बाजू पाठीमागची. कॅनव्हासवर विलायती रंगविक्रेत्याचा शिक्का असतो. लाकडी सांगाड्यावर चौकट करणाऱ्याची चिठ्ठी असते. छोटे खिळे आहेत की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या तारेच्या पिना, हे दिसते. कधी पेन्सिलीने लिहिलेले नाव आणि साल सापडते. याला जोड द्यावी ती वह्यांची. व्यापारी समाजाने हिशेब कधी टाकून दिले नाहीत. संस्थेच्या रोजमेळात तसबीर करविल्याची रक्कम, खतावणीत चित्रकाराचे नाव, इतिवृत्ताच्या वहीत अनावरणाचा ठराव, यांपैकी एक नोंद मिळाली तरी ती दहा तज्ज्ञांच्या अंदाजांपेक्षा मोलाची ठरते. रकमेवरूनही बोध होतो : नामांकित चित्रकाराचा मेहनताना आणि नक्कलकाराची मजुरी यांत त्या काळीही मोठे अंतर होते.

दुर्दैवाने महोत्सवाची तयारी हीच या पुराव्यांची वैरीण ठरते. चित्र उजळावे म्हणून ओल्या फडक्याने पुसले जाते. काळवंडलेला चेहरा एखाद्या फलक रंगविणाऱ्याकडून नव्याने रंगविला जातो. वाळवी लागली म्हणून मागचा पुठ्ठा आणि त्यावरील चिठ्ठी कचऱ्यात जाते. नवी सोनेरी चौकट येते आणि जुनी, जिच्यावर दुकानाचे नाव होते ती, भंगारात विकली जाते. पाठीमागे दुसरा कॅनव्हास चिकटविला की तेथील लिखाण कायमचे झाकले जाते. एका सकाळी चित्र सुंदर दिसू लागते आणि त्याचा इतिहास नाहीसा होतो. शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षेच पुरतात, हेही बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून तसबिरी उतरविल्या त्याच दिवशी, फडके लावण्यापूर्वी, प्रत्येकीची पुढची आणि मागची अशी दोन छायाचित्रे घ्यावीत आणि चौकटीसह लांबी-रुंदी मोजून वहीत लिहावी. माहीत असलेले माहीत म्हणून आणि ऐकीव ते ऐकीव म्हणून वेगळे लिहावे. नवे चित्र करविले तर त्याच्या पाठीवर पुष्पिका असावी : कोणाचे चित्र, कोणी काढले, कोणत्या छायाचित्रावरून अथवा चित्रावरून, कोणत्या साली, कोणाच्या देणगीतून. पुसट होणाऱ्या शाईऐवजी पेन्सिलीने, कापडावर न लिहिता लाकडी सांगाड्यावर. आणि जुने चित्र ज्या पुठ्ठ्यासह उतरले, तो पुठ्ठा वाळवी झटकून, कोरड्या पाकिटात घालून, त्याच इतिवृत्ताच्या वहीजवळ ठेवावा.